वर्णद्वेष आणि अक्षरांचा अधिकार

मराठी भाषेत 'वर्ण' या शब्दाला तीन अर्थ आहेत. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातील जन्माने ठरलेला दर्जा, आणि वर्ण म्हणजे अक्षर. पहिल्या इयत्तेतील मूल वर्णमाला गिरवू लागते तेव्हा ते या तिसऱ्या अर्थाशी खेळत असते. उरलेले दोन अर्थ त्याला पुढे समाज शिकवतो. या तिसऱ्या वर्णाची वाट पहिल्या दोन वर्णांनी किती काळ अडवून धरली, हे पाहण्यासाठी आम्ही या स्मरणिकेत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाकडे वळत आहोत. आपल्या वसतिगृहातील अनेक मुले त्यांच्या घराण्यातील पहिली किंवा दुसरी अक्षरओळख असलेली पिढी आहे. सातासमुद्रापलीकडचा हा इतिहास त्यांना परका वाटण्याचे कारण नाही. मात्र तो आपल्याच इतिहासाची हुबेहूब प्रत आहे, असे समजणेही बरोबर होणार नाही. त्याविषयी पुढे लिहू.

गुलामगिरी जगात फार जुनी आहे. ग्रीस, रोम, अरबस्तान, आफ्रिका, भारत, कोठेही पाहावे तर गुलाम सापडतात. परंतु माणसाच्या त्वचेचा रंग हाच त्याच्या गुलामीचा पुरावा मानणारी व्यवस्था त्या मानाने अलीकडची आहे. मराठवाड्यातील वाचकांना मलिक अंबरचे नाव सांगण्याची गरज नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीत आला. त्याला विकत घेणारा तेथील सरदार चंगीजखान हा स्वतःही हबशीच होता. पुढे अंबर त्याच निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मोगलांशी वर्षानुवर्षे झुंजला आणि १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद. त्याने बांधलेल्या नहरींचे अवशेष आजही तेथे आहेत. त्या काळच्या दख्खनेत रंगाची चेष्टा होत नव्हती असे नाही. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत अंबरला त्याच्या काळेपणावरून हिणवले आहेच. पण काळा माणूस पिढ्यान्‌पिढ्या गुलामच राहिला पाहिजे, असा कायदा येथे नव्हता. गुलाम धनी होऊ शकत होता.

१६२६ मध्ये मलिक अंबर मरण पावला. त्याच्या सात वर्षे आधी, १६१९ मध्ये, अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या किनाऱ्यावर एक जहाज लागले आणि सुमारे वीस आफ्रिकी माणसे तेथे अन्नधान्याच्या बदल्यात दिली गेली. त्या वेळी तेथे कराराने बांधलेले गोरे मजूरही होते, आणि आरंभीच्या काळात काही आफ्रिकी माणसांना स्वातंत्र्य मिळाल्याच्याही नोंदी आहेत. रंगाची भिंत एका दिवसात उभी राहिली नाही. ती एकेका कायद्याने रचली गेली. त्यांतील सर्वांत क्रूर वीट १६६२ सालची. मूल स्वतंत्र की गुलाम, हे त्याच्या आईच्या दर्जावरून ठरेल, असा कायदा व्हर्जिनियाने त्या वर्षी केला. इंग्रजांच्या जुन्या रिवाजात मूल बापाचे धरले जाई. तो रिवाज येथे मुद्दाम उलटवण्यात आला, कारण गोऱ्या मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले मूल बापाचे ठरले असते तर ते स्वतंत्र झाले असते. आता ते मालकाची मालमत्ता झाले. बापाने स्वतःचेच मूल बाजारात विकावे, याला कायद्याची हरकत उरली नाही.

येथे आम्हाला सुत्तपिटकातील दोन प्रसंग आठवतात. अस्सलायन सुत्तात तथागत त्या तरुण ब्राह्मणाला विचारतात की, यवन आणि कंबोज देशांत धनी आणि दास असे दोनच वर्ण आहेत आणि तेथे धन्याचा दास व दासाचा धनी होतो, हे तू ऐकले आहेस काय? वासेट्ठ सुत्तात ते गवत, किडे, पशू, मासे, पक्षी यांच्यातील जातींची चिन्हे एकेक करून दाखवतात आणि मग म्हणतात की, माणसाच्या केसांत, डोळ्यांत, ओठांत, रंगात अशी वेगळी जात सांगणारी चिन्हे आढळत नाहीत. कोणत्या मातेच्या उदरी जन्म झाला यावरून आपण कोणाला श्रेष्ठ म्हणत नाही, असेही ते तेथे स्पष्ट सांगतात. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे बोलणे ऐकलेले असणे शक्य नव्हते. पण त्यांनी कायद्याने मांडलेला दावा तोच होता, जो तथागतांनी खोडून काढला होता.

पुढची दोन शतके अटलांटिक महासागरावरील हा व्यापार चालला. इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदी जुळवून काढलेला अंदाज असा की, सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत कोंबली गेली आणि त्यांपैकी एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. उरलेली समुद्रात गेली. एवढ्या मोठ्या पापाला समर्थन लागतेच, आणि ते पुरवायला पुढे विद्वान आले. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टन या डॉक्टराने मानवी कवट्या जमवल्या, त्यांत बिया आणि शिशाचे छरे भरून त्यांचे आकारमान मोजले आणि वंशांची उतरंड लावली. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड वंशाशी जोडली. मोजपट्टी कवटीला लावा की नाकाला, उत्तर आधीच ठरलेले होते.

कायदा आणि शास्त्र दोन्ही बाजूने असताना मालकांना भीती कशाची वाटत होती? अक्षराची. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात गुलामांनी बंड केले. दुसऱ्याच वर्षी त्या वसाहतीने गुलामाला लिहायला शिकवणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरचे बंड झाले. टर्नरला वाचता येत होते. त्यानंतर दक्षिणेतील अनेक राज्यांनी काळ्या माणसांना वाचन-लेखन शिकवण्यावरील बंदी अधिक कडक केली. माणूस जर खरोखरच बुद्धीने हीन असेल, तर त्याला शिकू देऊ नये असा कायदा करावा लागत नाही. बैलाला वाचायला शिकवू नये असा कायदा कोणी केलेला नाही. या कायद्यांतच मालकांची कबुली आहे.

साहित्याच्या इतिहासात याचा एक विलक्षण पुरावा आहे. १७६१ मध्ये सात-आठ वर्षांची एक आफ्रिकी मुलगी बॉस्टनच्या बंदरात विकली गेली. ज्या जहाजातून ती आली त्याचे नाव फिलिस. विकत घेणाऱ्या व्हीटली कुटुंबाने तिला तेच नाव दिले. जहाजाचे नाव आणि मालकाचे आडनाव, एवढीच तिची ओळख उरली. तिचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नाही. त्या घरात तिला शिकू दिले गेले आणि थोड्याच वर्षांत ती इंग्रजीत उत्तम कविता लिहू लागली. १७७३ मध्ये तिचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभी बॉस्टनमधील अठरा प्रतिष्ठित गोऱ्या पुरुषांच्या नावांनिशी एक दाखला छापावा लागला की, या कविता खरोखरच या मुलीने लिहिल्या आहेत. नावांत खुद्द गव्हर्नर होता. पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ठळक सही करणारा जॉन हॅन्कॉकही होता. त्याच जाहीरनाम्याचा लेखक थॉमस जेफर्सन याने मात्र तिची कविता टीका करण्याच्याही लायकीची नाही असा शेरा मारला. जेफर्सनच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते, हे सांगितले म्हणजे त्याच्या काव्यसमीक्षेचे मोल कळते. गुणवत्तेचा दाखला दुसऱ्याकडून आणावा लागणे हा अनुभव आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना नोकरीच्या ठिकाणी आला असेल, ते त्यांनीच आठवावे.

फ्रेडरिक डग्लस यांचे चरित्र आम्ही दरवर्षी नववीच्या मुलांना थोडक्यात सांगतो. ते ऐकताना वर्गात टाचणी पडली तरी आवाज येईल अशी शांतता असते. डग्लस १८१८ च्या सुमारास मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. आपली जन्मतारीख त्यांना कधीच कळली नाही. लहानपणी त्यांना बाल्टिमोर शहरात एका कुटुंबात कामाला पाठवले गेले. त्या घरच्या बाईने, सोफिया ऑल्ड यांनी, भोळेपणाने मुलाला अक्षरे शिकवायला सुरुवात केली. नवऱ्याच्या ते लक्षात येताच त्याने बायकोला दटावले की, याला वाचता आले तर हा गुलाम म्हणून निकामी होईल. मुलगा ते ऐकत होता. अक्षरांत इतके काय आहे हे त्याला ज्या क्षणी कळले, तो क्षण त्याला मालकानेच दिला.

पुढचे शिक्षण त्यांनी रस्त्यावर घेतले. शेजारच्या गरीब गोऱ्या मुलांना भूक असे आणि या मुलाच्या खिशात घरातील पाव असे. पावाच्या तुकड्याच्या बदल्यात तो त्यांच्याकडून शब्द शिके. जहाजबांधणीच्या आवारात सुतार लाकडाच्या फळ्यांवर ती फळी जहाजाच्या कोणत्या बाजूची हे कळावे म्हणून अक्षरे लिहीत. ती पाहून त्याने लिहायला सुरुवात केली. मग एखाद्या गोऱ्या मुलाला म्हणायचे, मला तुझ्याइतकेच लिहिता येते, आणि ती चार अक्षरे काढून दाखवायची. समोरचा मुलगा चिडून जास्त अक्षरे लिही, ती हा पाहून ठेवी. कुंपण, भिंत आणि रस्ता ही त्याची वही, खडू ही लेखणी. १८३८ मध्ये डग्लस पळून उत्तरेत गेले आणि १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यालाही दोन गोऱ्या सुधारकांचे प्रास्ताविक लेखन जोडले होते. मात्र पुस्तकाच्या शीर्षकातच, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे, असे छापलेले होते. व्हीटलीपासून येथवर बहात्तर वर्षांत एवढे अंतर कापले गेले.

१८६५ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. ही वार्ता पुण्यात कोणाच्या काळजाला भिडली, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील त्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी तेथे व्यक्त केली आहे. जोतिराव अमेरिकेला कधी गेले नव्हते. त्यांनी हे नाते पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून ओळखले. मुलींची शाळा १८४८ मध्ये उघडणाऱ्या, वाटेत अंगावर शेण-चिखल झेलणाऱ्या सावित्रीबाईंच्या घरात ते ओळखले गेले, हेही लक्षात घेतले पाहिजे.

आता आरंभी उल्लेखिलेला प्रश्न. वंशभेद आणि जातिभेद एकच काय? बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती तेथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे द्यावयाच्या त्यांच्या निवेदनाची माहिती मागवली. डुबॉइस यांनी सहानुभूतीपूर्वक उत्तर दिले. इतकी आस्था असूनही बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टींची गल्लत होऊ दिली नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात त्यांनी जाती म्हणजे वंश नव्हेत, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांचा वंश एकच, असे मांडले. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात तर त्यांनी नाकाच्या मोजमापांचीच आकडेवारी घेऊन वंशाचा सिद्धान्त मोडून काढला. रिस्लेंची मोजपट्टी रिस्लेंच्याच सिद्धान्तावर उलटली. हे समजून घेणे आज फार निकडीचे आहे. आपण मूळचे वेगळ्या रक्ताचे, म्हणून आपल्यावर अन्याय झाला, असे अभिमानाने सांगणारे आपल्यातही भेटतात. आमच्या मते यात नकळत शत्रूचीच मोजपट्टी हाती घेतली जाते.

फरक आणखीही आहे. काळ्या माणसाला त्याचा रंग लपवता येत नाही. आपल्या माणसाला शहरात जात लपवता येते आणि ती लपवण्याचे ओझे आयुष्यभर वाहावे लागते. साम्य मात्र शाळेच्या दारात दिसते. साताऱ्याच्या शाळेत भीमराव स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसत, आणि शिपायाने वरून पाणी ओतले नाही तर तहानलेले राहत. अमेरिकेत १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले आणि त्याच्या आधारे पुढची अठ्ठावन्न वर्षे काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या राहिल्या. समान त्या कधीच नव्हत्या.

मराठी वाचकाला या काळाची ओळख एका पुस्तकाने करून दिली. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' आपल्या ग्रंथालयात सर्वांत जास्त हाताळले गेलेले पुस्तक असावे. शिवण सुटलेल्या दोन प्रती आम्ही पुन्हा बांधून घेतल्या आहेत. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, आईपासून तुटलेला हा मुलगा थोर कृषिशास्त्रज्ञ झाला. पण आमची एक तक्रार आहे. ती पुस्तकाविषयी नाही, आपण ते वाचतो त्या पद्धतीविषयी आहे. मुलांच्या भाषणांतून कार्व्हर येतात ते चिकाटी आणि भुईमूग यांच्यापुरते. कॅन्ससमधील ज्या महाविद्यालयाने त्यांना आधी प्रवेश दिला आणि ते प्रत्यक्ष दारात उभे राहिल्यावर रंग पाहून परत पाठवले, ते भाषणातून गळते. 'बघ, त्याने तक्रार केली नाही' असे मुलाला सांगणे सोपे आहे. दार बंद करणाऱ्यांविषयी त्याला काहीच न सांगणे बरोबर नाही.

त्या काळी कृष्णवर्णीयांमध्येही हा वाद होताच. कार्व्हर ज्या टस्कीगी संस्थेत रमले, ती उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत की, आधी हातात कसब येऊ द्या, मग हक्कांचे पाहू. त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या, आणि निवासी शाळा चालवणाऱ्या कोणालाही त्याचे मोल कळते. डुबॉइस यांना ही तडजोड मान्य नव्हती. मतदानाचा हक्क, नागरी समता आणि उच्च शिक्षण यांवाचून नुसते कसब म्हणजे नव्या रूपातील चाकरी, असे त्यांनी १९०३ च्या ग्रंथात मांडले. आम्हाला वॉशिंग्टन यांच्याविषयी आदर आहे, पण बाबासाहेबांची वाट डुबॉइस यांच्या जवळची होती, असे आम्ही समजतो.

वेगळेपणाने मुलाच्या मनावर काय होते, हे केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने दाखवून दिले. रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे ठेवल्या. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. मग विचारले, तुझ्यासारखी कोणती? काही मुले त्या प्रश्नावर रडू लागली. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या प्रयोगाचाही आधार घेतला गेला.

निकालाने दारे लगेच उघडली नाहीत. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी केंद्र सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर जमाव शिव्या देत होता. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या एकट्या शिक्षिकेने तिला शिकवायचे मान्य केले आणि वर्षभर त्या वर्गात एक शिक्षिका आणि एक विद्यार्थिनी एवढीच हजेरी होती. दक्षिण आफ्रिकेत तर १९५३ च्या बंटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना किती शिकवायचे हेच सरकारने आखून दिले. १९७६ मध्ये सोवेटोतील शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

या लढ्यांचे पडसाद मराठीत उमटले ते मुख्यतः मराठवाड्याच्या भूमीतून. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखडे यांनी तरुण लेखकांपुढे कृष्णवर्णीयांचे साहित्य ठेवले. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच वातावरणातले. (त्या पिढीच्या पुस्तकांत 'निग्रो' हा शब्द सर्रास येतो. त्या समाजाने तो आज टाकून दिला आहे, म्हणून आपणही टाकावा.) १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. नाव तिकडचे होते, भाषा आणि वेदना पूर्णपणे येथली. म्हणूनच त्यातून निघालेले साहित्य अनुकरण ठरले नाही.

हे सर्व लिहिताना एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. विवाह जुळवणाऱ्या आपल्याच मंडळांच्या नोंदवह्यांत 'गोरी, सडपातळ' असे अपेक्षांच्या रकान्यात लिहिलेले असते. त्यावर बाबासाहेबांचे छायाचित्र छापलेले असते. मुलगी सावळी झाली म्हणून बाळंतिणीला ऐकवले जाते. वसतिगृहात 'काळ्या' ही हाक प्रेमाची म्हणून खपवली जाते, आणि ती ज्याला मारली जाते तो मुलगा हसतो, कारण न हसून त्याला चालणारे नसते. पुण्यामुंबईत शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला घर नाकारले जाते, तेव्हा नाकारणारा नेहमी परक्याच समाजाचा असतो असे छातीठोकपणे म्हणवत नाही. क्लार्क दाम्पत्याच्या त्या बाहुल्या आपल्या बालवाडीत ठेवल्या, तर आपली मुले कोणती उचलतील?

पुढील शैक्षणिक वर्षापासून आठवी व नववीच्या वर्गांत रविवारच्या वंदनेनंतर वासेट्ठ सुत्त आणि डग्लस यांचे बालपण हे दोन पाठ एकत्र घेण्याचे आम्ही ठरवले आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना नोकरीत वा परदेशात रंगाचा किंवा जातीचा अनुभव आला असेल, त्यांनी सुटीत येऊन तो मुलांना स्वतःच्या तोंडून सांगावा. 'एक होता कार्व्हर'च्या आणखी चार प्रती ग्रंथालयाला हव्या आहेत.